दगड तेवढा सांगा

अमरसिंह : ते रविवारचं राहू दे बाजूला. त्या दिवशी फोनवर तू मला काय म्हणलास, ते आधी सांग.

धैर्यशील : दाजी, ही मुलगी पहिल्यांदाच आलीय तुमच्या घरी. तिच्यासमोर कशाला तो विषय?

अमरसिंह : तिला मी न्हाय बोलावलं, तू घेऊन आलायस. रविवारी तिला मागं बसवून तूच सायकल चालवणार. मग तिलाबी ऐकू दे की. भाऊबीजेचा दिवस. दिवाळीत फौंड्रीची भट्टी थंड असती, तवाच आत उतरून तिची डागडुजी करायची असती, म्हणून मी शिरोलीला गेलतो. तुझा फोन आला. काय म्हणलास?

धैर्यशील : आक्का पडलीय, लवकर या, असं म्हणालो.

अमरसिंह : 'जरा पडलीय' म्हणलास. जरा. मी हातपाय धुतले, डबा गोळा केला, समोर आलेला चहाबी प्यालो. जरा पडलीय म्हणल्यावर माणूस चहा पितो. दवाखान्यात आलो तर तुम्ही सगळे भिंतीला टेकून उभे. एकानं माझ्याकडं बघितलं न्हाय. कुणी मला सांगितलं न्हाय, धैर्या. तुमच्या माना बघून मला कळलं, माझी बायको गेली.

सई : धैर्यशील सर, मी बाहेर थांबू का?

अमरसिंह : न्हाय बाळ, तू बस. उजव्या हाताला कट्टा हाय. त्याच्या मागं पेरूचं झाड हाय. एक फांदी खाली आलीय, डोकं संभाळ.

सई : फांदी सांगितलीत ते बरं झालं. झाड कळलं होतं, पेरूचा वास येतोय.

अमरसिंह : नाव काय म्हणलं तुझं?

सई : सई. बँकेत आहे. लोक फोनवर भांडतात आणि मी ऐकून घेते, तेच काम. तेव्हा तुमचं चालू द्या.

अमरसिंह : जन्मापासनं दिसत न्हाय?

सई : हो. काकूंचे डोळे नंतर गेले ना?

अमरसिंह : साखरेनं गेले. आधी कडेकडेचं गेलं, मग मधलं. घरात बसून भिंतीला बोलायला लागली, तवा मी दोन सायकली कापून एक केली. डबलशीट न्हवं हं. डबलशीटला मागचा नुसता पोत्यागत बसतो. हिला मागंबी पायडल हायत. तिनं नाव ठेवलं 'लांबडी'. रोज सकाळी आम्ही लांबडीवरनं पाटाच्या वाटेनं जायचो, गाव हसायचं. हसू दे म्हणायची, मला कुठं दिसतंय.

धैर्यशील : तेच तर, दाजी. आक्काचं ते धाडस लोकांपुढं यावं म्हणूनच ही राइड ठेवलीय. वर्षश्राद्धाच्या आधीचा रविवार. ज्यांना दिसत नाही अशी मुलंमुली मागं, आमच्या सायकल क्लबची माणसं पुढं. क्लबकडं अशा दोन जोडसायकली, टँडम, आहेत, तिसरी आक्काची हवी. सई तिच्यावर बसेल.

अमरसिंह : फ्लेक्स बघितला मी, हायवेच्या पुलाखाली लावलेला. तिला काळा चष्मा कुणी घातला?

धैर्यशील : ते डिझाइनवाल्यानं केलं. म्हणजे लोकांना लगेच समजावं म्हणून...

अमरसिंह : तिनं जन्मात काळा चष्मा लावला न्हाय. 'डोळे गेलेत, चेहरा न्हाय गेला,' म्हणायची. मेल्यावर तू तिला आंधळी केलीस. आणि तिच्या फोटोपेक्षा तुझा फोटो मोठा हाय. श्राद्ध तिचं हाय का तुझा वाढदिवस हाय?

धैर्यशील : तो बदलून घेतो मी.

अमरसिंह : घे बदलून. मला एक सांग, कुत्रं कसलं होतं?

धैर्यशील : काय?

अमरसिंह : आडवं आलेलं कुत्रं. सगळ्या पावण्यांना तू सांगितलंस, पाटाच्या वाटेला कुत्रं आडवं आलं आणि सायकल पडली. काळं होतं, तांबडं होतं, कसलं होतं?

धैर्यशील : वर्ष झालं दाजी. आता कुठं आठवणार?

अमरसिंह : बहीण ज्याच्यापायी गेली ते कुत्रं तुला आठवत न्हाय. मग मी सांगतो. करड्या रंगाचं होतं. गुडघ्याएवढं होतं. आणि अजून तिथंच बसलंय, वाटेच्या तोंडाला. मी हात लावून आलोय त्याला.

सई : दगड?

अमरसिंह : दगड. उसाचे ट्रॅक्टर आत घुसू नयेत म्हणून दोन दगड रोवलेत तिथं, आणि वाट तिथंच वळती. तेरावं झालं आणि मी बघायला गेलतो. आतल्या बाजूच्या दगडाला लांबडीचा निळा रंग लागलेला. मागच्या डाव्या पायडलचं रबर घासून चिकटलेलं. आणि पुढच्या पायडलला साधा ओरखडा न्हाय. हा सुटला, ती अडकली. कुत्र्याचा एक केस न्हवता तिथं.

धैर्यशील : म्हणजे... वर्षभर माहीत होतं तुम्हाला?

अमरसिंह : व्हय.

धैर्यशील : मग बोलला का नाहीत?

अमरसिंह : मी का बोलू? संक्रांतीला आलास, आमच्यात सण न्हवता तरी. पाडव्याला आलास. बेंदराला आलास. दर खेपेला मी समोर बसायचो, म्हणायचो आज सांगंल. तू चहा प्यायचास, 'जपा दाजी' म्हणायचास, निघून जायचास. आणि आज आलास ते सायकल मागायला.

धैर्यशील : आई समोर होती, दाजी. दवाखान्यात आईनं विचारलं, कसं झालं रे. माझ्या तोंडातनं कुत्रं निघालं. नंतर ते परत गिळता येईना. ज्याला त्याला तेच सांगत सुटलो.

अमरसिंह : बरं. आता हिच्यासमोर खरं सांग. फोनवर बोलत होतास?

धैर्यशील : नाही.

अमरसिंह : मोबाइल हँडलला लावून शूटिंग करत होतास. तुमच्या क्लबात करतात तसलं.

धैर्यशील : नाही. शपथेवर सांगतो, फोन खिशात होता.

अमरसिंह : मग तोंड कशानं शिवलं होतं तुझं? मी तुला या अंगणात उभं करून शिकवलंतं. दगड आला की 'धर' म्हणायचं. 'धर' म्हणलं की ती पाय थांबवणार, दोन्ही पायडल एका पातळीत धरणार. उंचवटा आला की 'उचल' म्हणायचं, ती शिटावरनं अंग उचलणार. आणि मागनं 'हं' आल्याबिगर पुढं जायचं न्हाय. एवढं सोपं. तू 'धर' म्हणलास?

धैर्यशील : नाही.

अमरसिंह : का न्हाय म्हणलास?

धैर्यशील : ते नका विचारू.

अमरसिंह : वर्षभर न्हाय विचारलं. आता विचारतोय.

धैर्यशील : आक्कानं सांगितलं होतं, बोलू नको म्हणून.

अमरसिंह : ऊठ. ऊठ आणि चालायला लाग. आधी कुत्र्यावर घातलंस, आता मेलेल्या बहिणीवर घालतोस?

सई : काका, एक मिनिट. सर, त्या नेमकं काय म्हणाल्या होत्या?

अमरसिंह : हा काय सांगणार?

सई : मला ऐकायचंय. रविवारी त्या सीटवर मी असणार होते.

धैर्यशील : भाऊबीजेला मी इथं आलो. आक्कानं ओवाळलं. मी ताटात साडी ठेवली तर म्हणाली, साडी नको, मला दिसत नाही ती कसली आहे. म्हणाली, ओवाळणी म्हणून मला आपल्या माहेरच्या विहिरीपर्यंत फिरवून आण. लहानपणी पोहायचो ती. म्हटलं, चल. दारातनं निघालो आणि मी तुमच्यासारखं सुरू केलं. खड्डा आला, म्हैस आली, डावीकडं वळतोय. तर मागनं पाठीवर थाप मारली तिनं. म्हणाली, 'धैर्या, आज गप्प बस. तुझे दाजी रस्ताभर बोलत असतात. रस्ता मला त्यांच्या तोंडातनं कळतो. आज मला माझ्या नाकानं कळू दे. कुठं आलो ते मी ओळखते.'

अमरसिंह : खोटं.

धैर्यशील : खेळच मांडला तिनं. पिठाची गिरणी ओळखली. पाटाचं पाणी ओळखलं. त्या वळणाच्या अलीकडं वारा आला, आणि म्हणाली, 'गुऱ्हाळ लागलं की रं, म्हंजे विहीर जवळ आली.' लहानपणी हसायची तशी हसली, दाजी. आणि मला समोर ते दगड दिसले. मनात आलं, आता 'धर' म्हटलं तर खेळ मोडेल. जागा रुंद होती. माझी सायकल असल्या फटीतनं रोज जाते. जाऊ की सहज, म्हटलं.

अमरसिंह : तुझी सायकल आखूड हाय.

धैर्यशील : हो.

अमरसिंह : लांबडी वळताना मागचं चाक पुढच्याच्या मागनं येत न्हाय, आतनं येतं. सांगितलंतं का न्हाय? पुढचा सुटला म्हंजे मागचा सुटला न्हाय. आणि त्या दगडांमधनं बसून जायचंच न्हाय कधी. आम्ही रोज तिथं उतरत होतो. दोघंबी. मी हँडल धरायचो, ती शीट धरायची आणि चालत पलीकडं जायचो. रोज, धैर्या. तिला जागा ठाऊक होती.

धैर्यशील : तिला वाटलं असेल, अजून लांब आहे. मी बोललोच नाही, तर तिला कसं कळणार?

अमरसिंह : बहिणीनं गप्प बस म्हणलं म्हणून दगड मऊ होतो का?

धैर्यशील : नाही होत.

अमरसिंह : मग?

धैर्यशील : मग काय. चुकलो. माझ्याच हातनं गेली ती. हे तुम्हाला कोणत्या तोंडानं सांगायचं होतं? आणि तुमचं बोलणं तिला नको होतं, हे तरी कसं सांगायचं? म्हटलं, कुत्रंच राहू दे.

अमरसिंह : माझं बोलणं नको होतं. इतकी वर्षं माझ्या मागं बसली. एकदा म्हणायचं की, अहो, गप्प बसा. भाजीत मीठ जास्त झालं तर मला सुनवायची. माझ्या आईला सुनवायची. सायकलीवर तेवढं तोंड गेलं काय तिचं?

सई : गेलं असेल, काका.

अमरसिंह : तू कशाला तिची बाजू घेतीस? तू ओळखत न्हवतीस तिला.

सई : त्यांना नाही, पण ती मागची सीट मी ओळखते. पुढं बसलेल्या माणसाला गप्प बस म्हणायची भीती वाटते. तो रागावला तर आम्ही मधेच उतरून जाणार कुठं?

अमरसिंह : मी रागावलो असतो?

सई : आता रागावलाय.

अमरसिंह : आता... आताची गोष्ट वेगळी हाय. अगं, तिला जपायला म्हणून बोलायचो मी. शेवंती फुललीय म्हणून सांगायचो. कुणाच्या रानात उसाची तोड आलीय सांगायचो. गुऱ्हाळ लागलं तर गुऱ्हाळ लागलं सांगायचो. दिसत न्हाय म्हणून तिचं काय राहून जाऊ नये.

सई : गुऱ्हाळसुद्धा सांगायचात?

अमरसिंह : मग? लांबनं धूर दिसायचा मला.

सई : तुम्हाला धूर दिसायच्या आत त्यांना वास आला असेल. त्या सांगणार, तेवढ्यात तुम्ही सांगून मोकळे. काका, दगड तेवढा सांगा. गुऱ्हाळ नका सांगू. ते आमचं आम्हाला कळतं.

अमरसिंह : दगड तेवढा.

सई : आणि सर, तुमच्यावर मी काकांपेक्षा जास्त चिडलेय. तुम्ही दोन्ही नाही सांगितलंत. दगड त्यांना नाही सांगितला आणि त्या कशा गेल्या ते मला नाही सांगितलं. मला काय म्हणालात, आठवतंय? 'एकदम सेफ आहे, तू नुसती एन्जॉय कर.' घरी आईला मी छातीठोक सांगून आलेय. रविवारी त्या दगडाशी माझा पाय असता.

धैर्यशील : त्या वाटेनं जाणार नव्हतो आपण.

सई : कोल्हापुरात दगड एकाच वाटेला आहेत का?

धैर्यशील : बरोबर आहे तुझं.

सई : बरोबर आहे म्हणून काय उपयोग? मला बसायचं होतं. अजूनही बसायचंय. पण तुमच्या मागं नाही.

अमरसिंह : मीबी याला देणार न्हाय. लांबडी या अंगणातनं जाणार न्हाय. फ्लेक्सवर काय लिहायचं ते लिहा.

सई : मग तुम्ही चालवा.

अमरसिंह : मी?

सई : तुमच्याशिवाय तिला कोण ओळखतं? फक्त रस्ताभर बडबड करायची नाही.

अमरसिंह : माझ्याच्यानं न्हाय व्हायचं ते, बाळ. मागनं 'हं' येणार आणि ती तिची नसणार. वर्षभर मी तिच्यावरचं पोतंसुद्धा काढलं न्हाय. रंग घासलेला तसाच हाय. वाकलेलं पायडल तेवढं सरळ केलं, ते का केलं ते मलाच ठाऊक न्हाय.

सई : रविवारचं नाही म्हणत मी. आत्ता, इथं, स्टँडवर. ती 'धर' आणि 'उचल' मला दाखवा. मी दुसऱ्या कुणाच्या मागं बसले तरी त्याला सांगता तरी येईल की असं बोल म्हणून. नाहीतर प्रत्येक जण मला एन्जॉय करायला सांगणार.

धैर्यशील : दाजी, मी बाहेर थांबतो. तुम्ही दाखवा तिला.

अमरसिंह : बाहेर कुठं चाललास? स्टँड पुढच्या चाकालाच हाय तिचा. मागनं कुणीतरी धरायला लागतं. तेवढं तरी कर.

(अमरसिंह पडवीत जाऊन सायकलीवरचं पोतं काढतात. वर्षभरानं लांबडीची चाकं अंगणाला लागतात.)

सई : केवढी लांब आहे.

अमरसिंह : म्हणूनच ती वळताना आत येती. हात लाव. हे पुढचं शीट माझं. हा मधला दांडा. हे तुझं हँडल, हे वळत न्हाय, नुसतं धरायला हाय. गुडघ्याला साखळी लागंल, जरा... थांब. हे सांगू का नको?

सई : साखळी सांगा. साखळी दगडात येते.

अमरसिंह : बरं. आता ध्यान दे. पहिल्यांदा मी चढणार. दोन्ही पाय जमिनीला टेकून, दोन्ही ब्रेक दाबून उभा राहणार. मग तू चढायचं. मी उभा असेपर्यंत तू कितीबी हलली तरी सायकल हलणार न्हाय. उतरताना उलटं. आधी तू, मग मी. मधे घाई न्हाय. धैर्या, नीट धर मागनं.

धैर्यशील : धरलंय.

अमरसिंह : आता समज, मला लांबनं दगड दिसला. दगडाजवळ गेल्यावर न्हाय सांगायचं, लांबनंच सांगायचं. मी म्हणणार 'धर'. तुझे पाय थांबले, पायडल सपाट. तू 'हं' म्हणालीस. 'हं' आलं न्हाय तर मी थांबणार, पुढं जाणार न्हाय. वळण असलं तर मी दगडापासनं लांबनं वळसा घेणार, म्हंजे तुझा पाय आत सापडणार न्हाय. आणि फट बारकी असली, मनात जरा जरी शंका आली, तरी उतरायचं. उतरण्यात कमीपणा न्हाय. हे क्लबवाल्यांना सांग, त्यांना उतरायची लाज वाटती.

धैर्यशील : सांगतो.

अमरसिंह : तुला न्हाय म्हणलं. हिला म्हणतोय.

सई : 'उचल' कधी?

अमरसिंह : खालनं दणका येणार असला की. मला पुढं खड्डा दिसतो, माझं अंग आपोआप सावध होतं. तुझं होत न्हाय. मी गप्प राहिलो तर सगळा दणका तुझ्या मणक्यात. म्हणून 'उचल'. पायांवर भार घ्यायचा आणि शीट सोडायचं.

सई : आणि गुऱ्हाळ आलं की?

अमरसिंह : गप्प बसायचं.

सई : जमेल?

अमरसिंह : न्हाय जमायचं. तूच पाठीवर थाप मार.

सई : मारीन. चढू का?

अमरसिंह : ब्रेक दाबलेत. चढ.

सई : चढले. पण... काका, पाय खाली पोचत नाहीत माझे. वरचं पायडल लागतंय, खालचं लागतच नाही.

अमरसिंह : ती उंच होती. माझ्याहून उंच. लग्नात लोक म्हणालते, नवरीला पाट द्यायच्याऐवजी नवऱ्याला द्या.

धैर्यशील : दाजी, पाना द्या. मी घेतो सीट खाली.

अमरसिंह : तू धरून ठेव. सोडू नकोस.

सई : खूप खाली घ्यायला लागेल का?

अमरसिंह : घ्यायला लागंल. ते शीट अजून तिच्याच मापाचं हाय, बाळ. खाली घ्यायचं राहिलंय.